सहावीतला प्रश्न आणि दहावीतला धडा

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननसंस्थेचा धडा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातील माध्यमिक शाळेत मी तो कित्येक वर्षे शिकवीत आलो आहे आणि फळ्यावर आकृती काढताना दर वर्षी एकच विचार मनात येतो, की समोरच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना ही माहिती चार वर्षे उशिरा मिळत आहे. बहुतेक मुलींना पाळी येऊन दोन-तीन वर्षे झालेली असतात, मुलांचे आवाज फुटलेले असतात, मिसरूड आलेले असते, आणि कोणीतरी जवळ बसून चार शब्द सांगायला हवे होते ते दिवस केव्हाच सरलेले असतात. प्रश्न सहावीत पडतो आणि उत्तर दहावीत मिळते, तेही परीक्षेपुरते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती आणि वर्गात निम्मीच मुले येत होती. मधल्या सुट्टीत सारी मुले खिचडीसाठी ओसरीवर गेली, पण सहावीतली एक मुलगी बाकावरून उठेना. दप्तर मांडीवर घट्ट धरून ती भिंतीकडे पाहत बसली होती. मी विचारले तर मान खाली घातली, म्हणून मी आमच्या शाळेतल्या बाईंना बोलावले आणि स्वतः दाराबाहेर थांबलो. बाई तिच्याजवळ बसून म्हणाल्या, "काहून रडून राहिली व माय?" बऱ्याच वेळाने ती बोलली, "बाई, माह्या पोटात काहीतरी फुटलं. मी मरतो काय?" दोन दिवसांपूर्वी वेचणी करताना ती पऱ्हाटीच्या खुंटावर पडली होती आणि त्यानेच आत काही फाटले असावे, अशी तिची खात्री झाली होती. भावाचा जुना सदरा फाडून तिने दीड दिवस निभावून नेला होता. आई पहाटेच वावरात जात होती आणि अंधार पडल्यावर परतत होती. आईने तिला काही सांगितले नव्हते, आणि पुढे आईशी बोललो तेव्हा कळले की तिलाही तिच्या आईने कधी काही सांगितले नव्हते.

अकरा वर्षांच्या मुलीने दीड दिवस मरणाची वाट पाहत वर्गात बसावे, याचे दुःख आजही कमी झालेले नाही. अधिक दुःख याचे होते, की शरीराने तिला दोन वर्षे आधी सूचना दिलेली होती आणि आम्हा मोठ्या माणसांपैकी कोणी ती वाचली नव्हती.

ही सूचना कशी येते ते जरा विस्ताराने सांगतो. साधारणपणे मुलींमध्ये वयाच्या ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक नावाचा छोटासा भाग रात्रीच्या झोपेत थांबून थांबून संदेश सोडू लागतो. त्या संदेशाने त्याच्या खालची वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी कामाला लागते, तिचे स्राव रक्तातून अंडाशयापर्यंत किंवा वृषणांपर्यंत पोहोचतात आणि तेथून इस्ट्रोजेन व टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके वाढत्या प्रमाणात निघू लागतात. मुलीच्या बाबतीत पहिली दिसणारी खूण म्हणजे छातीवर स्तनाग्राखाली लागणारी लहानशी, दुखरी गाठ. ती पुष्कळदा आधी एकाच बाजूला येते, त्यामुळे मुलगी आणि आई दोघीही घाबरतात. पण तो रोग नव्हे, ती सुरुवात असते. त्यानंतर उंची भराभर वाढते, काखेत आणि जांघेत केस येतात, अंगावरून पांढरे पाणी जाऊ लागते, आणि पहिल्या गाठीनंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे आईला, आजीला, बाईंना बोलायला पुरी दोन वर्षे हातात असतात. रोहिणी नक्षत्र लागले की आमच्याकडे शेतकरी पेरणीची तयारी करून ठेवतो, पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. घरातल्या मुलीबाबत मात्र आपण पाऊस अंगावर येईपर्यंत थांबतो.

पाळी आली की काय घडते, तेही त्या मुलीला साध्या शब्दांत सांगता आले असते. गर्भाशयाच्या आत महिनाभर तयार झालेले मऊ अस्तर गर्भ न राहिल्यामुळे सुटून बाहेर पडते, त्याबरोबर थोडे रक्त जाते, आणि पुन्हा नवे अस्तर तयार होऊ लागते. फुटत काही नाही आणि फाटतही काही नाही. पहिली दोन वर्षे पाळी अनियमित असणे स्वाभाविक असते, कारण अंडाशयातून दर महिन्याला बीज सुटण्याची घडी अजून बसलेली नसते. दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचे अंतर या वयात चालते. मात्र रक्त सात दिवसांहून अधिक काळ जात असेल, तास-दोन तासांत कापडाची घडी किंवा पॅड पूर्ण भिजत असेल, वयाच्या आठव्या वर्षाआधीच बदल सुरू झाले असतील, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर अंगारा-धुपारा न करता डॉक्टरांना दाखवावे.

मुलींसाठी आपल्या भाषेत निदान शब्द तरी आहेत. पदर आला, शहाणी झाली, न्हाण आले, कावळा शिवला. यातले काही शब्द कौतुकाचे आणि काही विटाळाचे आहेत, आणि व्यवहारात विटाळच वरचढ ठरतो. माझ्या नोकरीची पहिली वर्षे गडचिरोली जिल्ह्यात गेली. तेथील माडिया आणि गोंड वस्त्यांमध्ये पाळीच्या दिवसांत राहण्यासाठी घरांपासून बाजूला कुर्माघर असते. पावसाळ्यात गळणाऱ्या, दार नसलेल्या त्या झोपडीत वर्गातली मुलगी चार-पाच दिवस राहून परत येत असे, आणि हजेरीपटावर तेवढ्या गैरहजेरीच्या खुणा लागत. मी नवखा होतो, कारण विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. त्याच जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले होते, की त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि जेमतेम ८ टक्के स्त्रियांची त्यापूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. सहावीत न बोललेली मुलगी तिशीत, चाळिशीतही बोलत नाही, असा त्या आकड्यांचा अर्थ मी घेतो. पुढे त्यांच्या 'सर्च' संस्थेने किशोरवयीन मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' हा उपक्रम सुरू केला, त्यामागे हाच अनुभव असणार असे मला वाटते.

एक गोष्ट मला फार लागते, म्हणून येथेच लिहितो. आमच्या भागात वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दोरीवर टाकलेले लुगडे घटकाभरात कडक होते. अशा उन्हाच्या मुलखात पाळीची कापडे मात्र न्हाणीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, तुराट्यांच्या कुडामागे किंवा ओल्या लुगड्याच्या आत झाकून वाळवली जातात. ती नीट वाळत नाहीत, दमट राहतात, आणि तीच पुन्हा वापरल्याने खाज आणि जंतुसंसर्ग होतो. सुती कापड वाईट नाही. ते गार पाण्यात साबणाने स्वच्छ धुऊन थेट उन्हात कडक वाळवले आणि दर चार-सहा तासांनी बदलले, तर विकतच्या पॅडइतकेच उपयोगी पडते. पैसे खर्च न करता मिळणारे सर्वांत चांगले औषध अंगणात पडलेले असते आणि लाजेपायी आपण ते वापरत नाही.

आता मुलांविषयी, कारण त्यांच्याविषयी कोणीच लिहीत नाही. मुलाच्या बाबतीत पहिला बदल वृषणांच्या आकारात होतो आणि तो कोणाला दिसत नाही. त्यामुळे घराला मुलगा वयात आल्याचे कळते ते आवाज घोगरा झाल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिरा. स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि नव्या वाद्यावर हात बसेपर्यंत आवाज चिरकतो. हात-पाय आधी वाढतात आणि धड मागाहून, म्हणून मुलगा चालताना अडखळतो, हातातून तांब्या पडतो आणि बापाची बोलणी खातो. भरात असताना मुलाची उंची वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढते. हे सारे लोकांना दिसते. जे दिसत नाही त्यासाठी मुलाकडे एकही चांगला शब्द नसतो.

१९९३ साली मी नववीत होतो. एका पहाटे जाग आली तेव्हा चड्डी ओली होती. ती मी विहिरीवर जाऊन कोणी उठायच्या आत धुतली. तेच पुढच्या आठवड्यात पुन्हा घडले आणि मला काहीतरी आजार जडला आहे असे मी धरून चाललो. विचारायचे कोणाला, हा प्रश्न होता. वडिलांशी माझे बोलणे बैल, पाणी आणि शाळेची फी याच्या पलीकडे नव्हते. आमच्या आठवडी बाजारात कडुनिंबाखाली तंबू ठोकून एक वैद्य बसत असे, त्याच्या कापडी फलकावर 'स्वप्नदोष' आणि 'धातू जाणे' हे शब्द लाल रंगात लिहिलेले होते. माझ्या आजाराला नाव आहे हे मला तेथे कळले. रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब तयार होतो, असे तो कर्ण्यावरून सांगत होता, आणि मी गर्दीच्या मागे उभा राहून माझे किती रक्त गेले असेल याचा हिशेब करीत होतो. सुट्टीत केलेल्या वेचणीचे जमवलेले पैसे देऊन मी राखाडी भुकटीच्या एकवीस पुड्या घेतल्या, धान्याच्या कणगीमागे लपवल्या आणि तीन आठवडे रोज पहाटे उपाशीपोटी घेतल्या. पोट बिघडले, वजन उतरले, अभ्यास सुटला. त्या तीन आठवड्यांत मी मनाशी निरवानिरव करून टाकली होती.

वीर्य रक्तापासून तयार होत नाही. ते वृषणांत, वीर्याशयात आणि प्रोस्टेट ग्रंथीत सतत तयार होणारे द्रव आहे, झोपेत ते आपोआप बाहेर पडणे हे वयात येण्याचे लक्षण आहे, आणि त्याने अशक्तपणा येत नाही. त्यात दोष कसलाच नाही. तरीही आपल्या भाषेने त्या साध्या घटनेच्या नावातच दोष घालून ठेवला, म्हणून मी वर्गात तो शब्द वापरत नाही. 'झोपेत वीर्य बाहेर येणे' एवढेच म्हणतो. हस्तमैथुनाविषयीही हेच सांगतो, की त्याने डोळे खोल जात नाहीत आणि पुढे मुले होण्यात अडचण येत नाही.

निम्म्याहून अधिक मुलांच्या छातीवर या वयात थोडी सूज किंवा गाठ येते, आणि ती बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. आठवीतल्या एका मुलाने त्यापायी पोहणे आणि कबड्डी सोडली होती, कारण सदरा काढावा लागतो. त्याला हे एक वाक्य सांगायला मला दोन मिनिटे लागली, आणि ते त्याने वर्षभर कोणाला विचारले नव्हते.

याहून गंभीर प्रसंगही पाहिला आहे. एका मुलाला रात्री अचानक एका वृषणात असह्य वेदना सुरू झाल्या, उलटी झाली, आणि जागेच्या लाजेने त्याने घरी फक्त पोट दुखते असे सांगितले. सकाळी ओव्याचे पाणी दिले, दुपारी बंडीतून आणि मग जीपमधून दवाखान्यात नेले. वृषणाला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा बंद झाला होता. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेक वेळा वाचते. याचे वाचले नाही. ही गोष्ट प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावी, अशी कळकळीची विनंती आहे. आमच्या गावापासून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय दीड-दोन तासांवर आहे, आणि त्या सहा तासांपैकी एकही तास संकोचात घालवण्याची चैन आपल्याला परवडत नाही.

मनातले बदल शरीराइतकेच खरे असतात, पण ते उद्धटपणा म्हणून मोजले जातात. या वयात मेंदूतला भावनांचा भाग लवकर तापतो आणि विचार करून थांबवणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री एक-दोन तास उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुलाला अकरापर्यंत झोप येत नाही आणि पहाटे पाचला गुरांचे करायला उठवले की तो चिडतो. तो आळशी झालेला नसतो. आरशासमोरचा वेळ, मैत्रिणीच्या एका शब्दावरून न जेवणे, कोणीतरी आवडू लागणे, यांतले काही वाया जाणे नव्हे, आणि मार हा त्यावरचा उपाय नव्हे.

आमच्या भागात त्यावर आणखी एक ओझे असते. ज्या घरात बापाने कर्जापायी जीव दिला, त्या घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तेराव्याच्या दिवशी सांगितले जाते, "आता तूच कर्ता, रडू नको." असे दोन विद्यार्थी माझ्या वर्गात होऊन गेले. त्यांतल्या एकाचा आवाज त्याच महिन्यात फुटत होता, आणि लोक म्हणत होते की पोरगा पाहता पाहता बाप्या झाला. तो बाप्या झालेला नव्हता. तो वर्गात मागच्या बाकावर बसून नखे कुरतडीत होता, आणि त्याला रडण्यासाठी शाळेच्या विहिरीमागची जागा मिळाली होती. अशा मुलाशी कोणीतरी रोज बोलले पाहिजे. शिक्षकाला ते झेपत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तेथे दिवसरात्र कोणालाही विनामूल्य बोलता येते.

रक्ताविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या देशातील ५९.१ टक्के मुलींमध्ये आणि ३१.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ती जेवणानंतर घ्यावी, तिच्यासोबत चहा घेऊ नये, आणि शौच काळे झाले तर घाबरू नये. पुष्कळ मुली त्या काळेपणाला भिऊन गोळी खिडकीबाहेर टाकतात, कारण तेही कोणी आधी सांगितलेले नसते. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे, आणि त्या आजाराच्या मुलांची वाढ मागे पडते, वयात येणेही लांबते. चौदाव्या वर्षीही दहाची दिसणारी, वारंवार सांधे दुखतात म्हणणारी मुलगी कामचुकार समजली जाते. तिची आधी रक्ततपासणी करावी, ती सरकारी दवाखान्यात होते.

सहावीतल्या त्या मुलीच्या प्रसंगानंतर बाई आणि मी मुख्याध्यापकांना भेटलो. सहावीपासूनच बोलायचे, मुलींशी बाई आणि आशाताई, मुलांशी मी, आणि शेवटी एकदा सर्वांनी एकत्र बसायचे, असे ठरले. पालकसभेत एक वडीलधारे गृहस्थ उठून म्हणाले, की असले शिकवून पोरे बिघडतील. मी काही बोलण्याआधी मागे बसलेली एक आजी म्हणाली, "बापू, माह्या लग्नात मी तेरा वर्साची होतो. मले कोनी काई सांगतलं नव्हतं. तवा कोन सुधारलं?" सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि ठराव मंजूर झाला.

खडूच्या रिकाम्या खोक्याला वरून चीर पाडून आम्ही प्रश्नपेटी केली. नाव लिहायचे नाही, वहीच्या कागदाची चिठ्ठी टाकायची. पहिल्या आठवड्यात चार चिठ्ठ्या निघाल्या आणि दुसऱ्या आठवड्यात खोके भरले. "एका बाजूला मोठं आणि एका बाजूला लहान असते काय?" "पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासते काय?" "माझी उंची वाढून नाही राहिली, काही खाऊ काय?" "मले सारखा राग येते, मी खराब झालो काय?" लोणच्याच्या प्रश्नावर बाईंनी स्वतःच्या घरची बरणी आणली, पाळीत घातलेले लोणचे म्हणून सांगितले आणि वर्गात एकेक फोड वाटली. काही मुलींनी ती तळहातावर घेऊन पुष्कळ वेळ नुसती पाहिली. मग एकीने खाल्ली आणि पाठोपाठ साऱ्यांनी खाल्ली.

या वर्षी पोळ्याच्या सुट्टीनंतरच्या शनिवारी मुलांच्या पेटीतून एक चिठ्ठी निघाली, अक्षर वाकडे, पेन्सिलीने लिहिलेले: "सर, तुम्हाले भीती वाटली होती काय?" एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलेले नव्हते. मी पुस्तक मिटून टेबलाच्या कडेला टेकून बसलो, आणि कडुनिंबाखालचा तंबू, कणगीमागच्या एकवीस पुड्या, विहिरीवर पहाटे धुतलेली चड्डी, सारे क्रमाने सांगितले. कोणी हसले नाही. खिडकीजवळच्या एका मुलाने विचारले, "मग सर, पुड्या संपल्यावर काय केलं?" मी म्हणालो, "आणखी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून थांबलो." तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली, पण मुले उठली नाहीत, आणि खोक्यात अजून अकरा चिठ्ठ्या शिल्लक होत्या, म्हणून मी पुढची उघडली.